दया अजून माहेरीच आहे

सिटकॉम आणि लहान मुलांचे कार्यक्रम यांनी प्रेक्षकांशी एक जुना करार केलेला असतो. एपिसोडमध्ये काहीही उलथापालथ होवो, पुढच्या वेळी टीव्ही लावाल तेव्हा सगळं जागच्या जागी असेल. शिनचॅनने आज आईला कितीही छळलं तरी उद्या तो पाच वर्षांचाच असणार. छोटा भीम २००८ पासून नऊ वर्षांचा आहे. जेठालालवर आलेलं संकट कितीही मोठं वाटलं तरी काही दिवसांत ते निस्तरतं आणि गोकुळधामवाले कंपाउंडमध्ये गरबा खेळायला मोकळे होतात.

मला हा करार मनापासून आवडतो. रात्री जेवताना फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून आपण जे लावतो, ते बहुतेक वेळा आधी पाहिलेलंच असतं. पुढे काय होणार हे माहीत असतं, म्हणूनच तर लावतो. लहान मुलं या बाबतीत आपले गुरू. तीच गोष्ट, तोच एपिसोड, आणि सांगताना एक शब्द इकडचा तिकडे झाला की भांडण. दिवसभरात इतकं काही बदलत असतं की एक जागा तरी न बदलणारी हवी, असं मुलांना वाटतं आणि मोठ्यांनाही वाटतं.

पण गेल्या काही वर्षांत बरेच बालकार्यक्रम आणि सिटकॉम पाहिले, काही भाचीसोबत आणि काही ती झोपल्यावर एकटीने, आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की काळ थांबवायचे दोन प्रकार आहेत. काही कार्यक्रमांना माहीत असतं की बाहेर काळ पळतोय. म्हणून ते तो थोडा वेळ धरून ठेवतात, आणि धरून ठेवल्याचं आपल्याला जाणवू देतात. बाकीचे कार्यक्रम घड्याळाचा सेलच काढून ठेवतात. पहिल्या प्रकारातली मुलं मुलं वाटतात. दुसऱ्या प्रकारात मुलांच्या उंचीची पात्रं असतात, एवढंच.

गोकुळधामचं घड्याळ

‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ २८ जुलै २००८ ला सुरू झालं. ‘चित्रलेखा’ या गुजराती साप्ताहिकात तारक मेहता लिहीत असलेल्या सदरावर ते आधारलेलं आहे. त्याचे चार हजारांहून जास्त एपिसोड झाले आहेत. तिसरीत असताना ज्यांनी ते बघायला सुरुवात केली, त्यांच्यातल्या काहींची आता लग्नं होताहेत.

सुरुवातीच्या वर्षांतलं ‘तारक मेहता’ चांगलं होतं, हे आज कुणाला सांगायची गरज नाही. आपल्या टाइमलाइनवर रोज फिरणारी मीम्स त्याच वर्षांतली आहेत. जेठालालची दिलीप जोशींनी केलेली धांदल, दया घरात शिरताच वाढणारा आवाज, बापूजींसमोर एका क्षणात शाळकरी पोर होणारा व्यापारी. या विनोदाचा पाया अगदी साधा होता. एका घरात तीन पिढ्या राहतात आणि प्रत्येकाला कुणाची तरी भीती वाटते.

मग खरा काळ सेटवर शिरला. टप्पूचं काम करणारा भव्य गांधी मोठा झाला आणि २०१७ मध्ये बाहेर पडला. त्याच्या जागी राज अनादकत आला, आणि २०२३ पासून नितीश भलूनी टप्पू आहे. त्याच २०१७ मध्ये दयाचं काम करणाऱ्या दिशा वाकानी बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, त्या परत आल्या नाहीत. नट बदलतात, जातात, त्यात कुणाचा दोष नाही. बघण्यासारखं आहे ते मालिकेने या रिकाम्या जागेचं काय केलं. मालिकेने सांगितलं की दया अहमदाबादला माहेरी गेली आहे. अजून तिथेच आहे. मधूनमधून ती येणार अशी हवा केली जाते, जेठालाल दाराकडे धावतो, दारात दुसरंच कुणीतरी असतं.

आता हेच एखाद्या मुलाच्या नजरेने बघा. टप्पूसेना शाळेतून कॉलेजात गेली. म्हणजे त्या मुलाचं वयात येणं, परीक्षा, भांडणं, सगळं आई घरात नसताना झालं. गोकुळधाममध्ये घडलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे, आणि नेमकी तीच मालिकेला बोलता येत नाही. माझी भाची यूट्यूबवर जुने-नवे तुकडे मागेपुढे बघते. तिने एकदा विचारलं, “मावशी, टप्पूची आई मेली का?” मी म्हटलं, नाही गं, मामाकडे गेलीय. ती म्हणाली, “मग फोन का नाही करत?” फोन येतात, असं मालिकेचे जाणकार मला सांगतील. पण सहा वर्षांच्या मुलीला जे खटकलं ते बरोबरच होतं. त्या घरात एक माणूस कमी आहे आणि कुणाच्याही वागण्यात फरक पडलेला नाही.

विनोदी मालिकेत कशाला रडारड, असं कुणी म्हणेल. रडारड नकोच. पण यात विनोदाचंही नुकसान झालं. जेठालालच्या फजितीला धार होती कारण ती बघायला घरात दया होती. ती गेल्यावर लेखकांनी या एकट्या पडलेल्या माणसाकडून, त्याच्या म्हाताऱ्या वडिलांकडून आणि त्या पोराकडून नवा विनोद काढला असता तर तो खरा निघाला असता. बायको माहेरी गेलेल्या घरातला स्वयंपाक हा काही छोटा विषय नाही! त्याऐवजी मालिका एका कायमच्या वाट बघण्यात अडकली.

याच सोसायटीत आपला आत्माराम तुकाराम भिडे राहतो. शिकवण्या घेणारा, पैशाला जपणारा, सोसायटीचा ‘एकमेव सेक्रेटरी’, आणि दर दोन वाक्यांनी “हमारे ज़माने में” म्हणणारा. त्या वाक्याला हसत जी पिढी मोठी झाली, तीच आता जुन्या कार्टून्सच्या क्लिप्सखाली लिहिते की आजच्या पोरांना काय माहीत, खरं बालपण आमचंच. पंचविशीत भिडे व्हायचं म्हणजे जरा लवकरच झालं.

हॅरीच्या बुटाचा वास

या गतकातरतेवर मी पाहिलेली सगळ्यात चांगली टीका एका शिनचॅनच्या सिनेमातच आहे.

शिनचॅन आपल्याकडे हिंदीतून आला आणि पालकांनी त्याच्या नावाने बोटं मोडली. २००८ मध्ये तर त्याच्यावर बंदीही आली होती, मग काटछाट होऊन तो परतला. पालकांची तक्रार अगदीच खोटी नव्हती. योशितो उसुई यांची मूळ कॉमिक्स १९९० पासून मोठ्यांसाठीच्या मासिकात येत होती. त्यामुळे त्यातल्या मोठ्या माणसांना खऱ्या मोठ्या माणसांच्या अडचणी आहेत. हॅरीच्या डोक्यावर घराचं कर्ज आहे, लांबचा प्रवास करून तो ऑफिसला जातो, त्याच्या मोज्यांना वास येतो. मित्सी सेलमध्ये झुंबड करून खरेदी करते आणि घरखर्चातून पैसे वाचवून लपवते. आपण लहानपणी शिनचॅनच्या आचरटपणाला हसलो. आता तेच एपिसोड लावले तर नजर हॅरीकडे जाते. शिनचॅन पाच वर्षांचाच राहिला आणि आपण त्याच्या बापाच्या वयाचे होत चाललो.

केइची हारा यांनी दिग्दर्शित केलेला २००१ चा हा सिनेमा. त्याच्या जपानी नावाचा अर्थ साधारण ‘मोठ्यांच्या साम्राज्याचा प्रतिहल्ला’ असा होतो. एक संघटना विसाव्या शतकाचं भलंमोठं प्रदर्शन उभारते. जुनी घरं, जुने टीव्ही कार्यक्रम, जुने रस्ते, आणि सगळ्यात वर एक वास. त्या काळाचा वास. तो नाकात गेला की मोठी माणसं लहान होतात, कामधंदा सोडतात, खेळत बसतात आणि स्वतःच्या मुलांना ओळखेनाशी होतात. गावात उरतात फक्त मुलं, ज्यांना जेवायला घालणारं कुणी नाही.

शिनचॅन आपल्या बापाला शोधून काढतो. हॅरी तेव्हा लहान मुलगा होऊन १९७० च्या ओसाकातल्या जागतिक प्रदर्शनात रमलेला असतो. शिनचॅन त्याच्या नाकाला त्याचाच घाणेरडा बूट लावतो. मग काही मिनिटं संवादच नाहीत. वडिलांच्या सायकलवर मागे बसलेला छोटा हॅरी, तरुण हॅरी, शहरात आलेला, साहेबाच्या शिव्या खाणारा, मित्सीला भेटलेला, पोराला पहिल्यांदा हातात घेतलेला, उन्हात पायपीट करणारा, रात्री दमून घरी येणारा. दहा-वीस वर्षांच्या कष्टांचा वास त्या बुटात साठलेला आहे. हॅरी रडत जागा होतो.

कायम पाच वर्षांच्या मुलाच्या मालिकेने केलेला हा सिनेमा आहे, हे विसरू नका. भूतकाळात राहणं सुखाचं आहे हे तो नाकारत नाही. ते प्रदर्शन खरोखर सुंदर रंगवलंय, संघटनेच्या प्रमुखाचंही म्हणणं नीट ऐकून घेतलंय. तो एवढंच दाखवतो की मोठे आपल्या बालपणात जाऊन बसले की खऱ्या मुलांच्या वाट्याला उपास येतो. बालकार्यक्रम हे आपल्या आठवणींचं खातं नाही. ते आज जे सहा वर्षांचे आहेत त्यांचं आहे.

लाडू आणि पाव शेर कुतूहल

मग त्यांना आपण काय देतोय?

छोटा भीमचा हिशोब सरळ आहे. ढोलकपूरवर संकट येतं, राजा इंद्रवर्मा नऊ वर्षांच्या मुलाला बोलावतो, टुनटुन मौसीचा लाडू पोटात जातो, मारामारी होते, जयजयकार होतो. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड कंपनीने आणि राजीव चिलका यांनी हे उभं केलं तेव्हा देशी कार्टूनची वानवा होती. धोतर नेसलेला नायक पोगोवर दिसणं हीच मोठी गोष्ट होती आणि तिचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण भीमला कधी भीती वाटत नाही. त्याला काही शिकायचं नसतं, कारण सगळं येतंच. कालिया पहिल्या एपिसोडमध्ये जितका हावरट होता तितकाच आजही आहे. चुटकीचं काम लाडू पुरवणं. मोठ्यांना जमत नाही ते सगळं करून दाखवणारा मुलगा असं हे पात्र आहे, आणि अशा मुलाचं स्वप्न मुलांपेक्षा मोठ्यांना जास्त पडतं.

गंमत अशी की याच कंपनीने २०१९ मध्ये नेटफ्लिक्ससाठी ‘माइटी लिटल भीम’ केलं आणि तिथे भीम एकदम मूल झाला. तो रांगत्या वयाचा आहे, संवाद नाहीतच. त्याला पतंग हवा असतो, मिठाई हवी असते, एखाद्या प्राण्यामागे जायचं असतं. ताकद अफाट आहे, पण ती कुठे लावायची हे कळत नाही, म्हणून घर कोसळायची वेळ येते. आई मागे मागे धावते. वस्तू हातात घेऊन बघण्यात मुलाचा जो वेळ जातो, तो इथे पडद्यावर दिसतो. लाडूवाल्या भीमकडे तेवढी सवड कधीच नव्हती. शब्द नसल्यामुळे हे कार्टून भाषेच्या कुंपणापलीकडे सहज गेलं, हा व्यापारी फायदा झालाच. पण मला वाटतं खरा फायदा वय कमी केल्याचा झाला. शत्रू गेला आणि कुतूहल आलं.

सात मिनिटांचं घर

‘ब्लूई’ पाहिलं नसेल तर थोडक्यात सांगते. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये राहणारं एक कुत्र्यांचं कुटुंब. बाबा बँडिट पुरातत्त्वज्ञ, आई चिली विमानतळाच्या सुरक्षेत काम करते, मुली ब्लूई आणि बिंगो. जो ब्रम यांनी लिहिलेली ही मालिका १ ऑक्टोबर २०१८ ला सुरू झाली. एपिसोड साधारण सात मिनिटांचा. नील्सनच्या मोजणीप्रमाणे २०२४ मध्ये अमेरिकेत स्ट्रीमिंगवर सगळ्यात जास्त पाहिला गेलेला कार्यक्रम हाच होता, ५५ अब्ज मिनिटांहून जास्त. मोठ्यांच्या मालिका धरून.

हे म्हटलं तर कार्टून आहे, म्हटलं तर सिटकॉम. सोफा, स्वयंपाकघर, शेजारी, नातेवाईक, आणि रोज एक नवा खेळ. करारही तोच जुना: उद्या परत हेच घर. पण ‘ब्लूई’ला हे उद्या कायमचं नाही हे माहीत आहे, आणि अधूनमधून ती एक फट उघडून दाखवते.

‘कॅम्पिंग’ या एपिसोडमध्ये ब्लूईची एका मुलाशी गट्टी जमते. तो फ्रेंच बोलतो, तिला ते येत नाही, खेळायला काही अडत नाही. दोघं मिळून एक बी पेरतात. एका सकाळी तो न सांगता गेलेला असतो, कारण त्याची सुट्टी संपलेली असते. आई समजावते की काही माणसं थोडाच वेळ येतात. एवढ्यावर एपिसोड संपला असता तरी चाललं असतं. पण शेवटच्या काही सेकंदांत ते झाड मोठं झालेलं दिसतं, त्याखाली मोठी झालेली ब्लूई वाचत बसलेली असते, आणि मागून एक ओळखीची हाक येते. पुढच्या एपिसोडमध्ये ब्लूई परत सहा वर्षांची. पण आता आपल्याला माहीत असतं.

‘क्रिकेट’ हा एपिसोड तर आपल्यासाठीच केल्यासारखा आहे. वाढदिवसाच्या पार्टीत अंगणात क्रिकेट रंगलंय आणि रस्टी नावाचा लहान मुलगा आऊटच होत नाही. सगळे बाबालोक घामाघूम. ब्लूईला खेळात काही राम वाटत नाही, तेव्हा बँडिट तिला रस्टीची गोष्ट सांगतो. मोठ्या भावाच्या दोस्तांचा वेगवान बॉल पायावर खाल्ला, घाबरला, लष्करात लांब असलेल्या बाबांचं पत्र आलं, परत उभा राहिला. आडव्यातिडव्या खेळपट्टीवर, खिडक्या न फोडता, गाडीला न लावता खेळायचं कसं हे शिकला. आपल्या चाळींच्या आणि सोसायट्यांच्या क्रिकेटमध्ये ‘पहिल्या मजल्यावर लागला तर आऊट’ हा जो नियम असतो, त्याच शाळेतला तो विद्यार्थी. शेवटी त्याला सहज सिक्स मारता येणारा बॉल मिळतो. तो मुद्दाम हळूच झेल देतो, समोर उभ्या असलेल्या धाकट्या बहिणीला, म्हणजे तिला बॅटिंग मिळेल. आणि मग एक क्षणभर तोच रस्टी मोठा होऊन मोठ्या मैदानात उतरताना दिसतो. भाचीला मैदानाचं काही कळलं नाही. झेल मात्र कळला. ती म्हणाली, “त्याने मुद्दाम दिला!” आणि परत लावायला सांगितलं.

मोठ्यांसाठी वेगळा थर आणि मुलांसाठी वेगळा, अशी विभागणी इथे नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. ‘वनसीज’मध्ये ब्रँडीमावशी फार वर्षांनी भेटायला येते. मुलींना कळत नाही की मावशी इतके दिवस का आली नाही. चिली ब्लूईला एवढंच सांगते की मावशीला एक गोष्ट खूप हवी आहे आणि ती तिला मिळू शकत नाही. मूल होत नाही हा शब्दप्रयोग कुठेही नाही. ब्लूईला जेवढं कळायला हवं तेवढं कळतं, आपल्याला त्याहून थोडं जास्त कळतं, पण दोघींना कळलेली गोष्ट एकच आहे. आपल्याकडे मुलांसमोर असं काही निघालं की “तू बाहेर जाऊन खेळ” म्हणतात. मूल बाहेर जातं आणि दाराला कान लावतं.

‘ब्लूई’बद्दल माझी तक्रार नाही असं नाही. बँडिट हा जरा जास्तच मोकळा बाप आहे. त्याला कधीही खेळायला बोलवा, तो तयार. त्या घराचा व्हरांडा, बाग, निवांत शनिवार बघून डोंबिवलीहून सव्वासातची लोकल पकडणाऱ्या आईबापांना अपराधी वाटावं अशी सोय आहे. ‘बेबी रेस’सारख्या एपिसोडमध्ये, जिथे चिली आपलं बाळ इतरांच्या मागे पडतंय म्हणून खचते, मालिका मोठ्यांच्या पाठीवर इतका प्रेमाने हात फिरवते की मुलांचा कार्यक्रम पालकांची थेरपी होतोय का अशी शंका येते. हॅरीचा बूट इथेही कुणीतरी नाकाला लावायला हवा.

तिची खरी परीक्षा झाली एप्रिल २०२४ मधल्या ‘द साइन’ या २८ मिनिटांच्या खास एपिसोडमध्ये. बाबांना दुसऱ्या शहरात चांगली नोकरी मिळालीय, घर विकायला काढलंय, अंगणात ‘विकणे आहे’ची पाटी लागलीय. शाळेत शिक्षिका एका शेतकऱ्याची गोष्ट सांगते, ज्याला प्रत्येक घटना चांगली की वाईट हे विचारलं की तो म्हणतो, बघू. सगळा एपिसोड त्या ‘बघू’वर उभा आहे. आणि शेवटी? बँडिट पाटी उपटून टाकतो. घर राहतं.

भाचीने टाळ्या वाजवल्या. मी गप्प होते. ज्यांच्या आईबापांची बदलीची नोकरी आहे, बँकेत, पोलिसात, एसटीत, त्या मुलांच्या अंगणातली पाटी कुणी उपटत नाही. तीन वर्षांनी शाळा सुटते, मित्र सुटतात. ‘बघू’ म्हणायला शिकवून ऐन वेळी न बघण्याची सूट दिली, असं मला वाटलं. करार मोडायच्या उंबरठ्यापर्यंत मालिका आली आणि मागे फिरली. तरीही ‘तारक मेहता’च्या थांबण्यात आणि या थांबण्यात फरक आहे. इथे निघून जाणं म्हणजे काय ते वीस-पंचवीस मिनिटं पूर्ण दाखवलं होतं. ब्लूईचा राग, आईचं न पटणं, बाबांचं गणित. राहायचं ठरलं ते हे सगळं भोगून.

बाबा कामाला गेले

त्याच वर्षी, महिन्याभरातच, एका सिटकॉमने मात्र हा करार मोडला. ‘यंग शेल्डन’ २०१७ ते २०२४ चाललं. ते ‘द बिग बँग थिअरी’तल्या शेल्डनचं टेक्ससमधलं बालपण दाखवतं, आणि मूळ मालिका पाहिलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून एक गोष्ट माहीत होती: शेल्डन चौदा वर्षांचा असताना त्याचे वडील जातात. म्हणजे सात सीझन प्रेक्षक एका माणसाकडे बघत होते ज्याला आपलं भविष्य माहीत नाही.

मूळ मालिकेत शेल्डन वडिलांबद्दल जे सांगायचा त्यावरून ते दारुडे आणि आडदांड वाटायचे. इथे दिसला तो जॉर्ज दमलेला, बिअर पिणारा, फुटबॉल शिकवणारा, अतिहुशार पोरासमोर गोंधळलेला आणि तरी त्याच्यासाठी उभा राहणारा बाप. मुलाने मोठेपणी सांगितलेली गोष्ट अपुरी होती, हे मालिकेने कुठेही न ओरडता दाखवलं. ‘बिग बँग’मध्ये प्रेक्षकांचा हशा ऐकू यायचा, इथे तो काढून टाकला होता. त्यामुळे विनोदानंतर थोडी शांतता उरायची आणि त्या शांततेत हा माणूस दिसायचा.

त्याचा मृत्यू पडद्यावर नाही. सकाळी तो नेहमीसारखा “येतो” म्हणून घरातून निघतो, शेल्डन स्वतःच्याच विचारात असतो. पुढे दारात सहकारी उभे राहतात. त्यानंतरच्या एपिसोडमध्ये शेल्डन ती सकाळ मनात पुन्हा पुन्हा लावतो. दर वेळी काहीतरी वेगळं बोलून बघतो, निरोप नीट घेऊन बघतो.

सिटकॉमचं अख्खं तंत्र त्याने असं स्वतःवर वापरलं. तोच सोफा, तोच दरवाजा, तोच प्रसंग परत पहिल्यापासून. रोज ज्या गोष्टीने आपल्याला हसवलं ती या एका सकाळपुरती चालत नाही. पंधरा-वीस मिनिटांच्या विनोदी मालिकेने मरणाबद्दल यापेक्षा खरं काही केलेलं मला आठवत नाही.

आणि आपण

वरच्या सगळ्या उदाहरणांत मराठी भिडे सोडला तर कुणी नाही. मराठी घरातली बहुतेक मुलं कार्टून हिंदीतच बघत मोठी झाली. म्हणून खेळताना ‘बचाओ’ आणि ‘शाबाश’ हिंदीत येतं, आणि भांडण मराठीत. मराठी टीव्हीवर मुलं दिसतात ती संध्याकाळच्या मालिकांत. ‘माझी तुझी रेशीमगाठ’मधली परी घराघरांत लाडकी झाली. ती गोड होतीच. पण तिचं कथेतलं काम काय होतं? यश आणि नेहाला जवळ आणणं. ती मोठ्यांच्या गोष्टीतला दुवा आहे. तिची स्वतःची एखादी दुपार, जिच्यात मोठ्यांचं काही अडलेलं नाही, आपल्याला क्वचितच दिसते. ढोलकपूरचा भीम मोठ्यांसाठी राक्षस मारतो, मराठी मालिकेतली मुलगी मोठ्यांची लग्नं जुळवते.

हे आपल्याला जमत नाही असं म्हणायलाही जागा नाही, कारण जमलेलं आहे. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ २००१ मध्ये आलं. दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वर आधारलेलं, केदार शिंदेंनी दिग्दर्शित केलेलं. आबा, शेखर, श्यामला, शलाका, शिऱ्या. त्या घरात खलनायक नव्हता आणि कटकारस्थानही नव्हतं. म्हातारपण, मध्यमवय आणि कॉलेजचं वय एकाच छोट्या घरात एकमेकांना धक्के देत राहायचे. शिऱ्याचं काहीतरी बिनसायचं आणि आबांना त्यात स्वतःचं काहीतरी आठवायचं. आबा म्हातारे आहेत, हे दिवस मोजके आहेत, हे मालिका कधी बोलली नाही पण विसरलीही नाही. आज लोक ती परत परत बघतात ती एवढ्यासाठीच, फक्त जुनी आहे म्हणून नाही.

तिला चोवीस-पंचवीस वर्षं झाली. त्या वेळचा शिऱ्या आता चाळिशी ओलांडून गेला असेल. त्याच्या घरात सहा वर्षांची मुलगी असेल, आबा नसतील. आई-बाबा दोघं कामाला, दुपारी पाळणाघर किंवा गावाहून आलेली आजी, आणि हातात फोन. या मुलीची गोष्ट मराठीत सांगायला लाडू लागत नाहीत, राक्षस लागत नाहीत. आजी चार महिने राहून गावाला परत जाते त्या दिवशी रिकाम्या कॉटवर कोण झोपणार, यावर एक एपिसोड होतो. शेजारचा मित्र बदलीमुळे नागपूरला जातो, यावर एक होतो. पार्किंगमध्ये गाड्या वाढल्यामुळे खेळायला जागा उरत नाही आणि पोरं सेक्रेटरीकाकांना अर्ज लिहितात, यावर तर दोन होतील. भिडेच्या बाजूनेही एक लिहिता येईल.

भाची आता सात वर्षांची होईल. तिच्याकडे अजून तीन-चार वर्षं आहेत, नंतर ती असलं काही बघायची नाही. तोवर कुणी केलं तर बरं होईल. नाहीतर ती मोठी होईल आणि तिच्याही आठवणीत रस्टीने बहिणीला दिलेला तो झेल इंग्रजीतच राहील. तो झेल चांगलाच आहे, पण तसला एक आमच्या बिल्डिंगखालीही रोज संध्याकाळी कुणीतरी कुणाला तरी देत असतं.